जॉन डेन्व्हर आणि दुसऱ्याने बांधलेले विमान

विशेष प्रतिनिधी

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह या गावच्या किनाऱ्यावर असलेल्या अनेकांनी एक लहानसे विमान समुद्राच्या दिशेने जाताना पाहिले. त्याची ठेवण नेहमीच्या विमानांसारखी नव्हती. इंजिन आणि पंखा पाठीमागे, मुख्य पंखही मागच्या बाजूला आणि नाकाजवळ छोट्या पंखांची एक जोडी. विमान फारसे उंच नव्हते. पाहणाऱ्यांच्या अंदाजाने साडेतीनशे ते पाचशे फूट. काहींच्या कानांवर फट् असा आवाज आला, इंजिनाची घरघर मंदावली, विमान एका अंगावर कलले आणि नाक खाली करून पाण्यात कोसळले. किनारा तेथून जेमतेम दीडशे यार्डांवर होता.

विमानात एकटा वैमानिक होता. त्याचे नाव जॉन डेन्व्हर. ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’, ‘अ‍ॅनीज् साँग’, ‘लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन’ या गाण्यांनी दोन पिढ्यांना वेड लावणारा अमेरिकी गायक. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून गिटार शिकू पाहणाऱ्या मुलामुलींनी ज्याच्या गाण्यांवर पहिले सूर जुळवले, तोच हा डेन्व्हर. मृत्यूसमयी त्याचे वय ५३ होते.

अपघातात प्रसिद्ध माणसे दगावतात तेव्हा बातमी चार दिवस चालते आणि मग केवळ हळहळ उरते. डेन्व्हरच्या मृत्यूची गोष्ट मात्र वैमानिकांच्या जगात आजही शिकवली जाते. याला कारण तो नवखा वैमानिक होता हे नव्हे. त्याच्या नावावर उड्डाणाचे २,७०० हून अधिक तास होते; ग्लायडरपासून जेटपर्यंत नाना प्रकारची विमाने त्याने चालवली होती. परंतु ज्या विमानात तो मरण पावला, ते कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नव्हते. एका हौशी माणसाने ते आपल्या हातांनी बांधले होते, आणि डेन्व्हरने ते जुने म्हणून, वापरलेले म्हणून विकत घेतले होते. त्यातील एक गैरसोय त्याला उड्डाणापूर्वी कळली होती. ती कळूनही तो उडाला.

वैमानिकाचा मुलगा

डेन्व्हरचे खरे नाव हेन्री जॉन डॉइशेनडॉर्फ (धाकटा). जन्म ३१ डिसेंबर १९४३ चा, न्यू मेक्सिको राज्यातील रॉसवेल या गावचा. वडील हवाई दलात वैमानिक होते आणि साधेसुधे वैमानिक नव्हते. ‘बी-५८ हसलर’ या स्वनातीत बॉम्बर विमानातून त्यांनी वेगाचे विक्रम केले होते. स्वभावाने कडक, मायेची भाषा न जमणारा माणूस. त्यांच्या बदल्यांमुळे घर सतत हलत राहिले. टक्सन, माँटगोमेरी, फोर्ट वर्थ अशी गावे बदलत मुलाचे बालपण गेले. शाळेत ओळखी होईपर्यंत निघण्याची वेळ येई. अशा एकाकी मुलाला आजीने १९१० सालची एक जुनी गिब्सन गिटार दिली. नव्या वर्गात, नव्या गावात लोकांशी बोलण्याचे तेच त्याचे साधन झाले.

शाळेच्या तिसऱ्या वर्षात असताना हा मुलगा वडिलांची मोटार घेऊन गाण्यात नशीब काढण्यासाठी थेट कॅलिफोर्नियाला पळाला. वडिलांनी मित्राचे जेट विमान मागून घेतले, कॅलिफोर्निया गाठले आणि मुलाला परत आणले. बाप आणि लेक यांच्यात त्या काळी केवढे अंतर होते, हे या एका प्रसंगावरून कळते. पुढे त्याने टेक्सासमधील लबक येथे वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला खरा; पण १९६३ मध्ये तो अर्धवट सोडून पुन्हा लॉस एंजेलिसची वाट धरली. डॉइशेनडॉर्फ हे आडनाव पाटीवर मावणारे नव्हते. कोलोरॅडो राज्याच्या राजधानीचे नाव त्याने आडनाव म्हणून घेतले.

१९६५ मध्ये ‘चाड मिचेल ट्रायो’ या नावाजलेल्या त्रयीत त्याला जागा मिळाली. १९६६ मध्ये पदरच्या पैशाने त्याने आपल्या गाण्यांच्या मोजक्या तबकड्या काढून मित्रमंडळींना वाटल्या. त्यातलेच एक गाणे पुढे ‘लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन’ या नावाने ‘पीटर, पॉल अँड मेरी’ यांनी गायले आणि १९६९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. विमानाने निघालेल्या माणसाच्या निरोपाचे हे गाणे लिहिणारा तरुण तोवर स्वतः विमान चालवायला शिकलेला नव्हता.

पुढची काही वर्षे डेन्व्हरचीच होती. १९७१ मध्ये बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट यांच्यासमवेत लिहिलेले ‘कंट्री रोड्स’ आले. २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने ते आपले राज्यगीत म्हणून स्वीकारले. १९७२ मध्ये ‘रॉकी माउंटन हाय’ आले. कोलोरॅडोने २००७ मध्ये त्याला दुसऱ्या राज्यगीताचा मान दिला. पत्नी अ‍ॅनीसाठी लिहिलेले ‘अ‍ॅनीज् साँग’ १९७४ चे. १९७५ मध्ये कंट्री संगीताच्या संघटनेने त्याला वर्षातील सर्वोत्तम कलावंत ठरवले. गोल चष्मा, कपाळावर रुळणारे सोनेरी केस आणि निर्मळ आवाज हे त्या दशकातील अमेरिकेच्या ओळखीचे रूप बनले. टीकाकारांनी त्याला भाबडा म्हटले, पण लोकांनी त्याच्या तबकड्या लाखांनी घेतल्या.

आकाशाने जोडलेली नाती

पैसा आणि कीर्ती आली तेव्हा डेन्व्हरने लिअरजेट जातीचे विमान घेतले आणि ते चालवण्यासाठी ज्या माणसाला बोलावले ते त्याचे वडील होते. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास वडिलांनीच त्याला उड्डाण शिकवले. घरात जे कधी बोलले गेले नव्हते ते कॉकपिटमधील सूचनांच्या निमित्ताने बोलले जाऊ लागले आणि दुरावलेले बापलेक जवळ आले. १९८२ मध्ये वडील वारले. उडणे हा डेन्व्हरचा श्रीमंती शौक नव्हता. ते त्याला वडिलांकडून मिळालेले एकमेव उघड प्रेम होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

त्यानंतर तो उडतच राहिला. एक इंजिन, अनेक इंजिने, पाण्यावर उतरणारी विमाने, ग्लायडर, उपकरणांच्या आधारे करायचे उड्डाण असे एकामागून एक परवाने त्याने मिळवले. कसरतींचे दुपंखी विमान बाळगले. अंतराळात जाण्याची त्याची तीव्र इच्छा होती. सामान्य नागरिकाला अंतराळयानातून नेण्याच्या ‘नासा’च्या कल्पनेचा तो खंदा पुरस्कर्ता होता आणि १९८५ मध्ये ‘नासा’ने त्याला लोकसेवेचे पदक दिले. १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ यान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले, तेव्हा त्याने त्यांच्या स्मरणार्थ गाणे लिहिले. १९७६ मध्ये पर्यावरणासाठी ‘विंडस्टार’ प्रतिष्ठान, १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या जागतिक भूकविषयक आयोगाचे सदस्यत्व, शीतयुद्ध चालू असताना सोव्हिएत युनियनचा दौरा अशी त्याची सार्वजनिक कामेही याच काळातील.

नव्वदीच्या दशकात मात्र उतार लागला. दुसरा विवाहही मोडला. मद्यप्राशन करून मोटार चालवल्याचे गुन्हे नोंदले गेले. दारू पूर्ण सोडण्याच्या अटीवर वैमानिकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र टिकणार होते. ती अट पाळली गेली नाही असे आढळल्यावर केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाने ते रद्दबातल ठरवले. कायद्याच्या दृष्टीने ऑक्टोबर १९९७ मध्ये डेन्व्हरला विमान चालवण्याची मुभा नव्हती. तथापि त्याच्या शवविच्छेदनात मद्याचा वा अन्य अमली पदार्थाचा अंशही सापडला नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. त्या संध्याकाळी जे घडले त्याचे मूळ दारूत नव्हते.

गॅरेजमध्ये जन्मलेली विमाने

घरी बांधलेले विमान ही कल्पना आता आपल्याकडेही अपरिचित राहिलेली नाही. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनामुळे घरोघरी पोहोचले. अमेरिकेत मात्र ही हौस फार जुनी आहे. तेथील कायद्यानुसार विमानाच्या घडणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी स्वतः केलेला असेल, तर त्याला ‘प्रायोगिक’ गटात प्रमाणपत्र मिळते. कारखान्यात होणाऱ्या विमानांच्या प्रत्येक खिळ्याला लागू असलेले नियम त्याला लागू होत नाहीत. प्रवाशाला ठळक दिसेल असा ‘प्रायोगिक’ हा शब्द लिहिला की झाले.

या हौशी जगाचे रूप पालटले ते बर्ट रुटान यांनी. योगायोग असा, की रुटान आणि डेन्व्हर यांचे जन्मवर्ष एकच, १९४३. कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात रुटान यांनी छोटी कार्यशाळा काढली. ज्या काचतंतूच्या बोटी आणि पाण्याच्या टाक्या आपण रोज पाहतो, त्याच काचतंतूपासून त्यांनी विमाने घडवली. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचेच्या कापडाचे थर इपॉक्सी राळेत भिजवून बसवायचे आणि वाळू द्यायचे. साचा नको, रिव्हेट नकोत, मोठी यंत्रे नकोत. संयुक्त पदार्थांचे असे गुळगुळीत, हलके आणि मजबूत विमान मोटारीच्या गॅरेजमध्ये बांधता येऊ लागले. १९७९ मध्ये त्यांचे ‘लाँग-ईझी’ प्रथम उडाले. एकामागे एक अशा दोन बैठका, रिकामे वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास आणि पंखांच्या मुळाशी असलेल्या दोन टाक्यांत सुमारे दोनशे लिटर इंधन. लहान इंजिनावर हे विमान शेकडो मैल सहज जाई. त्याच तंत्राच्या बळावर रुटान यांचे ‘व्हॉयेजर’ १९८६ मध्ये कुठेही न थांबता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले.

रुटान विमाने विकत नव्हते, नकाशे विकत होते. १९८५ मध्ये त्यांनी तीही विक्री थांबवली. परंतु नकाशे घेतलेल्यांनी पुढे अनेक वर्षे आपापल्या सवडीने विमाने पुरी केली. कोणी ती स्वतः उडवली, कोणी वयोमानाने वा गरजेने विकली. अशा रीतीने ज्यांनी एक थरही स्वतः चढवला नाही असे मालक या विमानांना लाभू लागले. डेन्व्हर हा त्यांतला एक.

माठ वाजवून घ्यावा तसे

बाजारात माठ घेताना आपण बोटाच्या पेराने तो वाजवून पाहतो. टणत्कार आला तर पक्का, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. काचतंतूचे जुने विमान पाहायला आलेला जाणकारही नेमके हेच करतो. खिशातले नाणे घेऊन तो पंखावर इंचाइंचाने टकटक करतो. आवाज एकसारखा आला पाहिजे. एखाद्या ठिकाणी तो पोकळ लागला, तर काचेचा थर आतल्या फोमपासून सुटला आहे असे समजावे. धातूच्या विमानाला पोचा पडला तर तो दिसतो, गंज चढला तर डाग पडतो. संयुक्त पदार्थाची पीडा बहुधा रंगाखाली असते आणि नवाकोरा, चकचकीत रंग तर शंकेलाच जागा देतो.

रंगाचेही एक शास्त्र आहे. ही विमाने जवळजवळ सारी पांढरी असतात. गडद रंग उन्हात तापतो आणि ठरावीक तापमानापलीकडे इपॉक्सी राळ मऊ पडू लागते. सूर्याची अतिनील किरणे तिला ठिसूळ करतात ती वेगळीच. म्हणून विमान हँगरमध्ये राहिले की वर्षानुवर्षे उघड्यावर, हा प्रश्न आधी विचारायचा. इंधनाच्या टाक्यांभोवती गळतीच्या खुणा शोधायच्या, कारण पंखातील निळा फोम पेट्रोलच्या स्पर्शाने विरघळतो. पंख जेथे जोडले जातात तेथील धातूचे भाग, काचतंतूचाच बनवलेला चाकांचा कमानदार पाय आणि ब्रेकच्या उष्णतेने त्याला झालेली इजा, नाकाजवळच्या छोट्या पंखाचा प्रकार हे सारे तपासायचे. छोट्या पंखाची गोष्ट क्षुल्लक नाही. लाँग-ईझीच्या सुरुवातीच्या रचनेत पाऊस लागला की विमानाचे नाक खाली झुके. पुढे आलेल्या सुधारित रचनेत हा दोष गेला. समोरच्या विमानाला यांतील कोणता पंख आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक हवे.

त्यानंतर कागद. बांधणाऱ्याने ठेवलेली रोजची नोंद व छायाचित्रे, वजन आणि तोल यांचा ताजा तक्ता, इंजिनाची वही. रुटान यांच्या कार्यशाळेकडून एक पत्रिका निघे आणि तीत नकाशांतील आवश्यक दुरुस्त्या छापल्या जात. त्या या विमानात झाल्या आहेत का, हे पडताळायचे. आणखी एक मुद्दा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वार्षिक तपासणी करण्याचे दुरुस्तीकाराचे प्रमाणपत्र बांधणाऱ्याच्या व्यक्तिगत नावे असते. विमान विकले जाते, ते प्रमाणपत्र विमानाबरोबर जात नाही. ज्या माणसाला त्या विमानाची नस अन् नस माहीत असते, तोच विक्रीच्या क्षणी बाजूला होतो.

आणि शेवटी सर्वांत कठीण प्रश्न : बांधणाऱ्याने नकाशापासून कुठे फारकत घेतली आणि का? कारखान्याच्या विमानात एक जोड दुसऱ्यासारखा असतो. एक सेस्ना चालवणाऱ्याला दुसऱ्या सेस्नात बसल्यावर हात कुठे न्यायचा हे सांगावे लागत नाही. घरी बांधलेली दोन विमाने नावाने एक असली तरी आतून निराळी असू शकतात. एकाने मोठे इंजिन बसवलेले असते, दुसऱ्याने बैठक बदललेली असते. असे विमान घेणारा माणूस अनोळखी माणसाचे शेकडो निर्णय विकत घेत असतो.

खांद्यामागचा कॉक

डेन्व्हरने घेतलेल्या विमानात असा एक निर्णय दडलेला होता. लाँग-ईझीला दोन टाक्या, डावी आणि उजवी. इंजिन एका वेळी एकाच टाकीतून इंधन घेते. एक टाकी संपत आली की वैमानिकाने कॉक फिरवून दुसरी लावायची. ज्यांनी जुन्या स्कूटर चालवल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. भर रस्त्यात गाडी आचके देऊ लागली की एका हाताने हँडल सांभाळत, वाकून चाचपडत पेट्रोलचा कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवायचा. रुटान यांच्या नकाशात हा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, डोळ्यांसमोर होता. बांधणाऱ्याने तो हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या पाठीमागच्या भिंतीवर बसवला. यामागे निष्काळजीपणा नव्हता. इंधनाच्या नळ्या कॉकपिटमधून नेऊ नयेत, आगीचा धोका टळावा, असा त्याचा हेतू होता. हेतू शहाणपणाचा होता. ज्याने तो कॉक स्वतः बसवला त्याच्या हाताला त्याची जागा पाठही असणार.

दुसऱ्याच्या हाताला ती कशी असेल? विमान चालवण्याची दांडी उजव्या हाताकडे होती. कॉक फिरवायचा तर दांडी सोडून, अंग डावीकडे वळवून, उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे न्यावा लागे. कॉकवर कोणत्या दिशेला कोणती टाकी, हे लिहिलेले नव्हते. इंधन किती उरले हे दाखवणाऱ्या पारदर्शक नळ्या मागच्या बैठकीच्या दोन बाजूंना होत्या. पुढे बसलेल्याला त्या मान वळवूनही नीट दिसत नसत आणि त्यांवर मापाच्या खुणा नव्हत्या.

डेन्व्हरने सांता मारिया येथे, अपघाताच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या एका लाँग-ईझी वैमानिकाकडून सुमारे अर्ध्या तासाचे उड्डाण-मार्गदर्शन घेतले आणि विमान मॉन्टेरेला आणले. दुसऱ्या दिवशी दुपारी तेथील एका तंत्रज्ञाबरोबर तो हँगरमध्ये होता. कॉक हाताला येत नाही, हा विषय दोघांच्या बोलण्यात निघाला. कॉकच्या मुठीला लॉक होणारी पक्कड लावून ती लांबवता येते का, हेही दोघांनी करून पाहिले, जमले नाही. वर गेल्यावर स्वयंचलित यंत्रणेवर विमान सोपवून आपण कॉक फिरवू, असे डेन्व्हरने ठरवले. मागच्या नळ्या दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्याला एक छोटा आरसा दिला. दोन्ही टाक्यांत इंधन कमी होते. तंत्रज्ञाच्या अंदाजाने उजवीत निम्म्याहून कमी आणि डावीत पाव टाकीहूनही कमी. इंधन भरायचे का, असे विचारले गेले. तासाभराचेच उड्डाण आहे म्हणून डेन्व्हरने नको म्हटले.

हा प्रसंग मन खिन्न करतो, कारण यात कोणी आंधळेपणाने वागलेले नाही. दोष पाहिला गेला, त्यावर चर्चा झाली, हाताशी होते त्या अवजाराने उपायही करून पाहिला. विमान घेण्यापूर्वीच्या तपासणीत जे निघायला हवे ते सारे निघालेच होते. फक्त दोष निघाल्यावर थांबायचे असते, ते झाले नाही. कॉकची जागा बदलेपर्यंत विमान हँगरमध्ये राहिले असते तर काही दिवस वा आठवडे गेले असते. तेवढेही नको असेल तर टाक्या भरल्या असत्या, म्हणजे त्या संध्याकाळी कॉकला हात लावण्याची वेळच येती ना. पक्कड, आरसा आणि स्वयंचलित यंत्रणा या तिन्ही गोष्टी दोषाच्या भोवतीने काढलेल्या वाटा होत्या. दोष जागच्या जागी राहिला.

शेवटची काही मिनिटे

डेन्व्हरने मॉन्टेरेच्या धावपट्टीला तीनदा चाके टेकवून पुन्हा उड्डाण केले. नव्या विमानावर हात बसवण्याची ही नेहमीची रीत. मग तो पश्चिमेला समुद्राकडे वळला. त्यानंतरचे किनाऱ्यावरील लोकांनी पाहिले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत कॉक मधल्याच स्थितीत सापडला. तपास अधिकाऱ्यांनी तशाच दुसऱ्या विमानात बसून तो कॉक फिरवण्याची हालचाल करून पाहिली. अंग डावीकडे वळवताना आधारासाठी उजवा पाय आपोआप उजव्या पेडलवर रेटला जाई, हे त्यांच्या लक्षात आले. ते पेडल सुकाणूचे. जमिनीवर ही केवळ पायाची हालचाल; हवेत तिच्यामुळे विमान एकदम उजवीकडे कलते. चार-पाच हजार फुटांवर असते तर सावरायला अवधी मिळाला असता. पाचशे फुटांवर तो नव्हता.

मंडळाने १९९९ मध्ये दिलेल्या निष्कर्षात कॉक फिरवताना लक्ष विचलित होणे, त्या ओघात नकळत उजवे पेडल दाबले जाणे आणि उड्डाणापूर्वी इंधन न भरणे ही कारणे ठरवली. बांधणाऱ्याने अवघड जागी बसवलेला, खुणा नसलेला कॉक, खुणा नसलेल्या इंधनाच्या नळ्या, नव्या प्रकारच्या विमानासाठी घेतलेले अपुरे प्रशिक्षण आणि या विमानाचा नगण्य अनुभव हे घटक सोबत जोडले. रुटान यांच्या मूळ रचनेला दोष लागला नाही. २,७०० तासांचा वैमानिक त्या विमानापुरता नवशिक्याच होता.

त्यानंतर

डेन्व्हरला निरोप देण्यासाठी कोलोरॅडोतील अरोरा येथे मोठा जनसमुदाय लोटला आणि त्याची रक्षा रॉकी पर्वतात विखुरली गेली. पुढच्या वर्षी मुलांसाठी केलेल्या गाण्यांच्या संग्रहाला मरणोत्तर ग्रॅमी पुरस्कार मिळाला. अपघाताच्या दहाव्या वर्षी, २००७ मध्ये, पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्यावर चाहत्यांनी एक स्मृतिफलक बसवला.

हौशी विमानांच्या जगात बदल व्हायला मात्र वेळ लागला. २०११ मध्ये केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाने अनोळखी वा प्रायोगिक विमानाकडे वळणाऱ्या वैमानिकांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१२ मध्ये सुरक्षा मंडळाने घरी बांधलेल्या विमानांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ या वर्षात तपासलेल्या अशा विमानांच्या अपघातांपैकी निम्म्याहून अधिक अपघात चालकाने स्वतः न बांधलेल्या, म्हणजे वापरलेल्या अवस्थेत विकत घेतलेल्या विमानांचे होते, असे त्यात आढळले. विमान हाती आल्यानंतरचा सुरुवातीचा काळ विशेष धोक्याचा असतो, हेही त्यातून पुढे आले.

अशी विमाने पाहणारे जाणते लोक म्हणूनच नाणे वाजवण्यापूर्वी एक साधी परीक्षा सांगतात. तिला पैसे लागत नाहीत आणि दहा मिनिटांत ती आटोपते. विमान जमिनीवर उभे असताना बैठकीत बसायचे, पट्टे आवळायचे, एक हात दांडीवर आणि दोन्ही पाय पेडलवर ठेवायचे. मग डोळे मिटायचे आणि एकेका कळीचे नाव घेत तिला हात लावून पाहायचा. दांडी हलता कामा नये, पाय सरकता कामा नयेत. ज्या कळीपर्यंत हात पोहोचत नाही, तिचा सोक्षमोक्ष लागेपर्यंत पैसेही द्यायचे नाहीत आणि उडायचेही नाही.

वडिलांकडून उडायला शिकलेल्या, गिटारवर बोटे पाहण्याचीही गरज न पडणाऱ्या माणसाला ही परीक्षा अवघड नव्हती. त्या विमानात ती तो उत्तीर्ण झाला नसता, आणि हे त्याला दुपारीच कळून चुकले होते.